हेपॅटायटिस ए ते ई हे एकाच कुलातले विषाणू आहेत का? वर्गीकरणाबद्दल एक प्रश्न

इंद्रायणीकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या वर्गाला जीवशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात सजीवांचे वर्गीकरण शिकवताना मी फळ्यावर व्हिटेकर यांच्या पाच सृष्टी मांडल्या आणि उजव्या कोपऱ्यात एक वेगळी चौकट काढून तिच्यात विषाणू, वायरॉइड आणि प्रिऑन असे तीन शब्द लिहिले. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने एवढे पुरते. मात्र तास संपता संपता एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, बाकीच्या सृष्टींची तुम्ही संघ, वर्ग, गण, कुल अशी फोड केलीत. त्या चौकटीच्या आत काय आहे?" तिच्या घरी नुकतेच कोणाला तरी काविळीचे निदान झाले होते, त्यामुळे तिचा पुढचा प्रश्न अधिक नेमका होता. हेपॅटायटिस ए, बी, सी, डी आणि ई हे पाच विषाणू एकाच कुलातले आहेत का, आणि तसे असेल तर एकाच लशीने पाचही का टळत नाहीत?

"नावावरून तरी ते जवळचे असावेत," असे मी त्या वेळी सांगितले आणि घरी पोहोचेपर्यंत ते उत्तर मनाला टोचत राहिले. मला सोमवारी वर्गात ते दुरुस्त करायचे आहे. विषाणूंचे वर्गीकरण नेमके कशावर करतात, ते कोण ठरवते, आणि ज्यांना विषाणूही म्हणता येत नाही अशा वायरॉइड व प्रिऑन यांना त्यात कोठे जागा आहे, हे कोणी विस्ताराने सांगू शकेल का?

सूक्ष्मदर्शी (उत्तर १)

ताई, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार चांगला आहे, आणि त्याचे थेट उत्तर असे की त्या पाच विषाणूंमधले कोणतेही दोन एका कुलातले नाहीत. "हेपॅटायटिस" हे यकृताच्या दाहाचे नाव आहे, विषाणूच्या वंशाचे नव्हे. ए आणि बी ही अक्षरे १९४७ मध्ये सुचवली गेली, तेव्हा कोणीही ते विषाणू पाहिलेले नव्हते. दूषित पाण्या-अन्नातून येणारी कावीळ एक आणि रक्तातून येणारी दुसरी, एवढाच फरक हाती होता. पुढे जसजसे नवे कारण सापडत गेले तसतसे पुढचे अक्षर लावले गेले.

आज आपल्याला माहीत आहे की ए हा पोलिओच्या कुलातला, म्हणजे पिकॉर्नाविरिडीतला आहे. सी हा डेंग्यू आणि आपल्याकडे सिंधुदुर्गात माकडताप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्यासनूर फॉरेस्ट डिसीजच्या विषाणूंचा नातेवाईक आहे. ई याचे हेपेविरिडी हे स्वतंत्र कुल आहे. बी हेपॅडनाविरिडीत मोडतो आणि डी तर या सगळ्यांपासून इतका दूर आहे की त्याच्यासाठी वर्गीकरणाच्या सर्वांत वरच्या पातळीवर वेगळी जागा करावी लागली.

लक्षणांवर विसंबल्याने काय घडते, याचे एक उदाहरण आपल्या देशातलेच आहे. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेचे दूषित पाणी नळांत शिरून काविळीची मोठी साथ आली. सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. पाण्यातून आली म्हणून ती ए प्रकारचीच धरली गेली. त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तद्रव १९८० च्या सुमारास नव्या चाचण्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा कळले की ती ए नव्हतीच. तो आज आपण ज्याला ई म्हणतो तो विषाणू होता. मार्ग तोच, लक्षणे तीच, पण विषाणू वेगळ्या कुलाचा, आणि गरोदर स्त्रियांसाठी कितीतरी अधिक घातक.

मग वर्गीकरण कशावर करायचे? मी शिकवत असताना नेहमी डेव्हिड बाल्टिमोर यांच्या १९७१ च्या मांडणीपासून सुरुवात करत असे, कारण तिच्यामागचा विचार विद्यार्थ्याला पाच मिनिटांत पटतो. प्रथिने तयार करण्याचे काम पेशीतले रायबोसोम करतात आणि ते फक्त संदेशवाहक आरएनए वाचतात. विषाणूकडे स्वतःचे रायबोसोम नसतात. त्यामुळे त्याच्याजवळ जनुकीय सामग्री कोणत्याही स्वरूपात असो, यजमान पेशीत शिरल्यावर त्याला कोणत्या ना कोणत्या वाटेने संदेशवाहक आरएनएपर्यंत पोहोचावेच लागते. ती वाट कोणती, यावरून गट पडतात. देवी आणि नागीण यांचे विषाणू दुपदरी डीएनए बाळगतात. पार्व्होविषाणूंचा डीएनए एकपदरी असतो, तर लहान मुलांना जुलाब घडवणाऱ्या रोटाविषाणूचा आरएनए दुपदरी. पोलिओ, डेंग्यू, हेपॅटायटिस ए, सी आणि ई यांचा एकपदरी आरएनए पेशीला जसाच्या तसा वाचता येतो. गोवर आणि रेबीज यांचा आरएनए मात्र उलट दिशेचा असतो, म्हणून त्याची प्रत काढणारे विकर (एन्झाइम) विषाणूला सोबत घेऊनच यावे लागते. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात सापडलेला चांदीपुरा विषाणू याच गटातला आहे आणि तो रेबीजच्याच कुलातला आहे, जरी एक कुत्र्याच्या चाव्यातून येत असला आणि दुसरा सँडफ्लाय नावाच्या बारीक माशीतून.

राहिले शेवटचे दोन गट, आणि तेथेच ही मांडणी सर्वांत रंजक होते. एचआयव्ही आरएनए घेऊन येतो आणि त्याचा डीएनए बनवतो. हेपॅटायटिस बी जेमतेम ३,२०० न्यूक्लिओटाइडचा (म्हणजे जनुकीय साखळीतल्या तेवढ्या दुव्यांचा) डीएनए घेऊन येतो, त्यापासून पेशीच्या केंद्रकात आरएनए तयार करून घेतो आणि नवे कण बांधताना त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए बनवतो. दोघांचे चक्र एकच आहे, फक्त कणात भरण्याचा टप्पा वेगळा. दोघांकडे आरएनएवरून डीएनए लिहिणारे एकाच घराण्यातले विकर आहे, आणि म्हणून टेनोफोव्हिर हे औषध एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी या दोन्हींवर चालते. नाते ओळखल्याचा उपयोग काय, असे वर्गात कोणी विचारले तर हे उदाहरण जरूर द्यावे.

रोपवैद्य (उत्तर २)

वरील उत्तर उत्तम आहे. वनस्पतींच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण रोगाचे नाव आणि कारणाचे नाव यांतला गोंधळ मी रोज शेतात पाहतो आणि विद्यार्थ्यांना तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येण्यासारखा आहे.

भेंडीच्या प्लॉटमध्ये उभे राहिलो की रोगट झाड लांबूनच दिसते. पान हातात घेऊन उजेडाकडे धरले तर शिरांचे सगळे जाळे हळदीसारखे पिवळे आणि मधल्या जागा हिरव्या असे चित्र असते. पुढे पूर्ण पानच पिवळे पडते आणि भेंडी फिकट व निबर निघते. शेतकरी याला केवडा म्हणतात, काही भागांत हळद्या. हा रोग विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो पसरवते. पण पिवळेपणामुळे केवडा हेच नाव दुसऱ्या पिकांवरच्या डाऊनी मिल्ड्यूलाही आहे, आणि तो बुरशीसदृश सजीवामुळे होतो. बोकड्याचेही तेच. मिरचीची पाने विषाणूमुळे आकसतात, फुलकिडे आणि कोळी यांच्यामुळेही आकसतात. वांग्यात ज्याला बोकड्या म्हणतात तो बारीक पानांचा रोग तर फायटोप्लाझ्मामुळे होतो, जो पेशीभित्तिका नसलेला जिवाणू आहे. अशा प्रकारचे कितीतरी रोग १९६७ पर्यंत विषाणूंच्याच खात्यात जमा होते. त्या वर्षी जपानी संशोधकांनी रोगट झाडांच्या रसवाहिन्यांत ते सूक्ष्म पेशीय जीव पाहिले आणि टेट्रासायक्लिनने लक्षणे मागे हटतात हेही दाखवले. शेतकऱ्याने दिलेले नाव चुकीचे नाही. ते लक्षणाचे अचूक वर्णन आहे. फक्त त्यावरून कुल सांगता येत नाही.

केळीचे उदाहरणही घेण्यासारखे आहे. पर्णगुच्छ आणि जळगावकडे हरण्या म्हणून ओळखला जाणारा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हे दोन्ही रोग मावा पसरवतो, दोन्हींत झाड खुरटते. तरी पहिल्याचा विषाणू एकपदरी डीएनएच्या लहान वर्तुळांचा आणि दुसऱ्याचा आरएनएचा. बांधावर शेजारी उभी असलेली ही दोन झाडे वर्गीकरणाच्या तक्त्यात दोन टोकांना जातात.

आता आपण ज्या चौकटीबद्दल विचारले आहे, तिच्यात एक शब्द राहून गेला आहे असे मला वाटते, आणि तो म्हणजे उपग्रह. भेंडीच्या केवड्याची पहिली नोंद १९२४ मधली, तत्कालीन मुंबई इलाख्यातली आहे. मुख्य विषाणू जेमिनीविरिडी कुलातला असून त्याचा कण दोन गोळे एकमेकांना चिकटवल्यासारखा जुळा दिसतो, म्हणून ते नाव. पण २००३ मध्ये भारतीय संशोधकांनी दाखवले की हा विषाणू एकटा भेंडीत टोचला तर केवड्याची खरी लक्षणे उमटत नाहीत. त्याच्यासोबत सुमारे १,३५० न्यूक्लिओटाइडचे डीएनएचे आणखी एक वर्तुळ लागते. त्याला बीटासॅटेलाइट म्हणतात. त्याला स्वतःची प्रत काढता येत नाही, स्वतःचे कवचही नाही. दोन्हींसाठी ते मुख्य विषाणूवर अवलंबून असते, आणि त्या बदल्यात झाडाची प्रतिकारयंत्रणा दाबणारे प्रथिन पुरवते. मुख्य विषाणूच्या जनुकक्रमाशी त्याचे साम्य जवळपास नाही, म्हणजे तो त्याचा तुटलेला तुकडा नव्हे. म्हणून वर्गीकरणात त्याला मुख्य विषाणूच्या पोटात न टाकता टॉलेक्यूसॅटेलिटिडी असे वेगळे कुल दिले आहे. कापसाच्या पाने मुरडणाऱ्या रोगातही असाच बीटासॅटेलाइट असतो.

वर्गात भेंडीचे एक रोगट पान नेऊन दाखवले तर मुले हा भाग विसरणार नाहीत.

रात्रपाळी_प्रयोगशाळा (उत्तर ३)

मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. उत्तर १ मध्ये हेपॅटायटिस डी एका वाक्यात आला, त्याबद्दल लिहितो.

आपल्यापैकी अनेकांनी शस्त्रक्रियेआधीच्या किंवा गरोदरपणातल्या रक्ततपासणीच्या कागदावर "एचबीएसएजी" ही ओळ पाहिली असेल. हेपॅटायटिस बीच्या कणाच्या बाहेरच्या वेष्टणातले ते प्रथिन आहे. हेपॅटायटिस डी नेमके हेच वेष्टण उसने घेतो. १९७७ मध्ये इटलीतील मारिओ रिझेट्टो यांना बीच्या रुग्णांच्या यकृतात एक अनोळखी प्रतिजन (शरीराची प्रतिकारयंत्रणा ओळखते असा घटक) आढळला आणि आरंभी तो बीचाच एखादा भाग असावा असे वाटले होते. तो निघाला सुमारे १,७०० न्यूक्लिओटाइडचा, वर्तुळाकार आरएनए असलेला वेगळाच घटक, जो बीची साथ असल्याशिवाय एका पेशीतून बाहेर पडून दुसरीत नीट जाऊ शकत नाही. आपल्या विद्यार्थिनीच्या लशीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे: बीची लस घेतलेल्याला डीपासूनही संरक्षण मिळते, कारण बीच नसेल तर डीला वेष्टण मिळणार कोठून? उरलेले अर्धे म्हणजे ए, सी आणि ई यांची प्रथिने बीच्या प्रथिनांहून पूर्ण वेगळी आहेत, म्हणून बीची लस त्यांना ओळखूच शकत नाही.

डीची रचना पाहिली तर तो बीपेक्षा वनस्पतींच्या वायरॉइडना जवळचा वाटतो. वायरॉइड म्हणजे केवळ उघडा, वर्तुळाकार, लहानसा आरएनए. थिओडोर डायनर यांनी १९७१ मध्ये बटाट्याला चातीसारखे लांबट आणि टोकदार करणाऱ्या रोगाच्या मुळाशी असा घटक असल्याचे दाखवून दिले. त्याची लांबी ३५९ न्यूक्लिओटाइड आहे आणि तो एकही प्रथिन बनवत नाही. डी मात्र स्वतःचे एक प्रथिन बनवतो. तरी दोघांचा आरएनए स्वतःवरच दुमडून काडीसारखा होतो, दोघेही यजमानाच्या विकराकडून प्रत काढून घेतात, आणि डीच्या आरएनएत स्वतःलाच कापणारा रायबोझाइम असतो, जो काही वायरॉइडमध्येही आहे. त्यावरूनच डीच्या सर्वोच्च गटाला रायबोझिविरिया असे नाव मिळाले. त्याच्या कुलाचे नाव कोल्मिओविरिडी, आणि कोल्मिओ हा फिनिश भाषेत त्रिकोणाचा शब्द आहे, कारण ग्रीक डेल्टा अक्षर त्रिकोणी असते. बदके आणि साप यांच्यातही डीचे नातेवाईक २०१८ पासून सापडले आहेत.

इंद्रायणीकाठ

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. दोन शंका उरल्या आहेत. या सगळ्या गटांच्या मुळाशी सजीवांप्रमाणे एकच पूर्वज आहे का? आणि प्रिऑनचे काय? शिवाय पुस्तकांत हल्ली विषाणूंची दोन पदी लॅटिन नावे दिसू लागली आहेत, ती आपल्या नेहमीच्या नावांऐवजी वापरायची का, हेही कळले तर बरे होईल.

सूक्ष्मदर्शी (उत्तर ४)

ताई, पहिल्या शंकेचे उत्तर "नाही" असे आहे, आणि माझ्या मते वर्गात सर्वांत जास्त वेळ यावरच द्यायला हवा. प्रत्येक पेशीय सजीवात रायबोसोमचे जनुक असते, म्हणून जिवाणूपासून वडापर्यंत सर्वांना एका वृक्षावर बसवता येते. सर्व विषाणूंत समान असे एकही जनुक नाही. म्हणून विषाणूंसाठी एक वृक्ष न काढता अनेक स्वतंत्र वृक्ष मान्य केले गेले. सृष्टीच्याही वरच्या या पातळीला रेल्म म्हणतात आणि दोन रेल्म एकमेकांचे नातेवाईक आहेत असा दावाच केलेला नाही.

हे ठरवणारी संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय विषाणू वर्गीकरण समिती. तिचा आरंभ १९६६ मध्ये मॉस्को येथील सूक्ष्मजीवशास्त्राच्या परिषदेत झाला. सुरुवातीला कुल आणि प्रजाती (जीनस) यांच्या पलीकडे जाण्याचे धाडस कोणी करत नव्हते. २०१८ मध्ये पहिले रेल्म, रायबोविरिया, मान्य झाले आणि त्यानंतर लवकरच पंधरा पातळ्यांची पूर्ण उतरंड आली. रायबोविरियात आरएनएची प्रत काढणारे किंवा आरएनएवरून डीएनए लिहिणारे विकर असलेले विषाणू येतात. त्यामुळे हेपॅटायटिस बी डीएनएचा असूनही येथेच आहे, आणि एचआयव्हीच्या वर्गातच, म्हणजे संघाच्या खालच्या पातळीपर्यंत दोघे सोबत आहेत. याउलट रोपवैद्यांच्या भेंडीचा विषाणू मोनोडनाविरियात आहे, आणि त्याच रेल्ममधल्या त्याच सृष्टीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारणीभूत ठरणारा पॅपिलोमाविषाणूही आहे. बाल्टिमोर यांचे गट म्हणूनच सोयीचे असले तरी वंशावळ नव्हेत. ते यंत्रणा सांगतात. पूर्वज सांगण्यासाठी विकरांच्या आणि कवचप्रथिनांच्या रचनांची तुलना लागते. विद्यार्थ्यांना दोन्ही दाखवावे, पण दोन वेगळ्या तक्त्यांत. २०१७ पासून ज्यांचा कण कोणी पाहिलेला नाही, केवळ समुद्राच्या पाण्यातून किंवा मातीतून वाचलेला जनुकक्रम हाती आहे, अशा विषाणूंनाही वर्गीकरणात प्रवेश मिळतो. त्या निर्णयाला बराच विरोध झाला होता. मला तो योग्य वाटतो, कारण प्रयोगशाळेत वाढवता येणारे विषाणू एकूण विषाणूंचा अगदी लहान भाग आहेत.

प्रिऑनबद्दल. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये हा शब्द मांडला आणि १९९७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेंढ्यांमधला स्क्रेपी आणि माणसातला क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोग यांत संसर्ग पसरवणारी वस्तू म्हणजे आपल्याच शरीरातले, आपल्याच जनुकाने बनवलेले, पण चुकीच्या पद्धतीने दुमडलेले प्रथिन. ते शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही तशीच घडी घालायला लावते. त्यात डीएनए नाही, आरएनए नाही, म्हणजे वंश शोधण्यासाठी वाचायला काहीच नाही. वायरॉइड आणि उपग्रह यांना समितीच्या वर्गीकरणात कुल, प्रजाती, जाती (स्पीशीज) अशी रीतसर जागा आहे. प्रिऑनना मात्र विषाणू मानलेले नाही आणि त्यांची विभागणी त्या क्षेत्रातले लोक आपापल्या सोयीनुसार, यजमान आणि प्रथिन यांवरून करतात. त्यामुळे आपल्या चौकटीत मी प्रिऑनभोवती आणखी एक रेघ ओढीन. चौकट बंद मात्र करू नका. २०२४ मध्ये माणसाच्या तोंडातल्या जिवाणूंत सुमारे हजार न्यूक्लिओटाइडचे वर्तुळाकार आरएनए सापडल्याचे प्रसिद्ध झाले, त्यांना ओबेलिस्क म्हणतात, आणि ते विषाणूही नाहीत व वायरॉइडही नाहीत.

नावांविषयी. जातीला दोन पदी नाव देण्याचा नियम २०२१ मध्ये मंजूर झाला. येथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. ११ फेब्रुवारी २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आजाराला कोविड-१९ म्हटले, त्याच दिवशी समितीच्या अभ्यासगटाने विषाणूला सार्स-कोव्ह-२ म्हटले, आणि जातीचे आजचे नाव बीटाकोरोनाव्हायरस पँडेमिकम असे आहे. त्या एका जातीत २००३ च्या साथीचा सार्स विषाणूही येतो. डेंग्यूचे चारही प्रकारही मिळून एकच जात आहेत. रुग्णाच्या घशातून निघतो तो विषाणू, जात नव्हे. जात हा आपण आखलेला गट आहे. त्यामुळे "डेंग्यूचा विषाणू डासातून पसरतो" असेच लिहावे. दोन पदी नाव फक्त वर्गीकरण सांगताना वापरावे, छापताना ते तिरप्या अक्षरांत, फळ्यावर लिहिताना खाली रेघ ओढून, आणि विषाणूचे नेहमीचे नाव साध्या अक्षरांत.

इंद्रायणीकाठ

सोमवारच्या तासाला फळ्यावर पाच हेपॅटायटिसची पाच नावे लिहून प्रत्येकासमोर त्याचे कुल मांडणार आहे, आणि माझे मागचे उत्तर चुकले होते हे आधी सांगणार आहे. आमच्या महाविद्यालयाच्या मागेच भेंडीचे शेत आहे. शेतमालक काकांना विचारले आहे, ते केवड्याची दोन पाने द्यायला तयार आहेत. रोपवैद्य, ती पाने वर्गात आणल्याने बाहेरच्या झाडांना काही धोका नाही ना?

रोपवैद्य

नाही, ताई. हा विषाणू हाताळण्याने पसरत नाही, त्याला पांढरी माशी लागते. पानाची मागची बाजू एकदा पाहून घ्या. तेथे पांढऱ्या माश्या बसलेल्या असतील तर त्या शेतातच झटकून पान पिशवीत बंद करून आणा, म्हणजे झाले.